करवंदी गांडूळ

हिराजीकाकांनी जिताड्याचं पोट फाडलं, आत हात घातला आणि हात तसाच आत ठेवून मला हाक मारली.

"भाऊ, इकरं ये जरा. गाडी मागून चालू कर."

मी अलिबागला दुकान उघडायला निघालो होतो. आमच्या आंबेखार गावातून बाहेर पडणारा रस्ता जेट्टीला वळसा घालून जातो आणि हिराजीकाका रोज सकाळी तिथे आपल्या जाळ्यात आलेली मासळी साफ करत बसलेले असायचे. सगळ्या खाडीवर त्यांच्याइतका कमी बोलणारा माणूस नव्हता. ते आपण होऊन हाक मारतात म्हणजे काहीतरी असणार, म्हणून मी गाडी लावली आणि पायऱ्या उतरून खाली गेलो.

फळीवर हातभर लांबीचा जिताडा पडला होता. पोट अंड्यांनी भरावं तसं टरटरलेलं.

"गाबोळी आहे वाटतं," मी म्हणालो.

"गाबोळी नाय."

त्यांनी हात बाहेर काढून मूठ उघडली. तळहातावर रबरी गांडुळं होती, गळाला लावतात ती. एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा झाला होता आणि माशाच्या पोटात राहून ती फुगून बोटाएवढी जाड झाली होती. रंग पिकल्या करवंदाचा. काकांनी अंगठ्यानं त्यातलं एक सुटं केलं, पाण्यात बुचकळून धुतलं आणि माझ्या हातावर ठेवलं.

"शेपूट बघ."

मी शेपूट पाहिलं. टोकाला बरोबर मधोमध उभी चीर होती. नखाएवढी, दोन्ही बाजू अगदी सारख्या. मी तिथेच ओल्या पायरीवर बसलो.

"काका, हे तर दादाचं आहे."

"म्हनून तं तुला हाक मारली," काका म्हणाले.

परागदादा माझा थोरला भाऊ. भाद्रपदाच्या शेवटी खाडीवर गळ टाकायला म्हणून गेला तो परत आला नाही, आणि आता मार्गशीर्ष चालू होता.

अलिबागला आमचं गळाच्या सामानाचं दुकान होतं. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याकडची हौशी मंडळी यायची. त्यांना काठ्या, दोरे, गऱ्या म्हणजे गळाचे आकडे आणि ही गांडुळं विकायची. दुकान दोघांचं, पण कामाची वाटणी सरळ होती: माल मी आणायचा, गिऱ्हाईक मी सांभाळायचं आणि ज्ञान दादानं वाटायचं. मला स्वतःला गळ धरून बसायचा भयंकर कंटाळा. मासा ताटात आला की माझं त्याच्याशी नातं सुरू होतं. "तू टिपणिसांच्या घरी चुकून आलास," दादा म्हणायचा, "तू मांजरीच्या पोटी यायचास."

गांडूळ निवडणं हा त्याच्या लेखी देवपूजेइतका गंभीर प्रकार होता. गिऱ्हाईक आलं, की तो आधी त्याला दाराबाहेर नेऊन आभाळ दाखवायचा. कुठल्या खाडीवर जाणार, भरतीला की ओहोटीला, तिथलं पाणी कसं आहे, हे सगळं विचारून घ्यायचा. लोकांचा हात हमखास लाल, पिवळ्या, चमकी लावलेल्या गांडुळांकडे जायचा. दादा ती त्यांच्या हातातून काढून घेऊन परत खुंटीला अडकवायचा. "हे तुम्हाला आवडलंय. जिताड्याला विचारलंत का?" मग तो समजावत बसायचा. गढूळ पाण्यात मासा रंग बघत नाही, आकार बघतो, म्हणून तिथे काळपट गांडूळ. नितळ पाण्यात पाण्याच्याच रंगाचं, असून नसल्यासारखं. ओढ जोरात असेल तर जाड आणि आखूड, पाणी थांबलं असेल तर बारीक आणि लांब शेपटाचं. एका गिऱ्हाइकाला तो अर्धा तास खायचा आणि शेवटी सगळ्यात स्वस्त पाकीट त्याच्या हातात ठेवायचा. मी मागे कपाळ बडवून घ्यायचो.

त्याची स्वतःची गांडुळं मात्र दुकानात कुणाला मिळायची नाहीत. ती बडीशेपेच्या तेलात मुरवलेली असत आणि प्रत्येकाच्या शेपटाला ती चीर असे. चिरेमुळे शेपूट पाण्यात कोलंबीच्या पायांसारखं थरथरतं म्हणे. पुष्कळांनी नक्कल करून पाहिली. कुणाची चीर तिरकी जायची, कुणाचं शेपूटच तुटून हातात यायचं. जेट्टीपासून रेवदंड्यापर्यंत कुणालाही तसं शेपूट दाखवलं असतं, तर त्यानं न विचारता सांगितलं असतं, की हे पराग टिपणिसाचं.

आणि करवंदी रंग? तो दादानं मशीद बंदरच्या व्यापाऱ्याच्या मागे लागून लागून मागवला होता. आमच्या खाडीचं पाणी चहासारखं, त्याला हाच रंग हवा, असा त्याचा हेका. व्यापाऱ्याकडे माल आला दिवाळीनंतर. त्याआधी तो रंग मुंबईतसुद्धा कुणी पाहिला नव्हता. पार्सल मी एकट्यानं फोडलं, पाकिटं हातात घेऊन नुसता बसलो आणि त्या दिवशी दुकान लवकर बंद करून घरी आलो.

म्हणजे दिवाळीनंतर कधीतरी दादाच्या हातांनी हे शेपूट चिरलं होतं. दादा जिवंत होता.

शहाण्या माणसाला तिथेच शंका आली असती. एका माशाच्या पोटात एवढी गांडुळं, आणि एकालाही गरी नाही. मला नाही आली. जिताडा हिसडा मारतो, गांडूळ गरीवरून ओढून नेतो, हे मी दादाकडूनच ऐकलं होतं आणि मला तेवढं पुरेसं होतं.

"मासा कुठे मिळाला, काका?"

"उघाडीच्या तोंडाला. आपल्याच."

आमच्या गावाची शेतं खाडीपेक्षा खाली आहेत. खारं पाणी आत येऊ नये म्हणून मातीचा लांब बांध आहे आणि त्यात लाकडी दारं आहेत. त्या दारांना उघाडी म्हणतात. भरतीला खाडीच्या रेट्यानं ती आपोआप मिटतात, ओहोटी लागली की शेतातलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. त्या पाण्याबरोबर बारीक कोलंबी, बोयटाची पिल्लं वाहून येतात आणि जिताडा खाली तोंड वासून थांबलेला असतो. दादाची जागा तीच. तिथेच बांधावर त्याच्या चपला सापडल्या होत्या, गांडुळांचा डबा सापडला होता आणि काठी. काठीचा दोरा ताणलेला होता आणि दाराखाली कुठेतरी अडकला होता. दोरा सोडवायला तो उतरला असणार, असं पोलीस म्हणाले. हिराजीकाकांनी बुड्या मारल्या, होड्या रेवदंड्यापर्यंत जाऊन आल्या. काही मिळालं नाही. मग कुणीतरी म्हणालं, पनवेलच्या स्टँडवर अगदी परागसारखा माणूस पाहिला. मी पनवेलला जाऊन आलो. पुन्हा एकदा जाऊन आलो.

"कुणाला बोलू नका, काका," मी म्हणालो.

"मी कोनाला बोलतंय? तुज्या वहिनीला सांग. आईला नको." त्यांनी गांडुळांचा गोळा पाल्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. "म्हातारीला आशा नको लावू. आशा लय वाईट."

मुग्धावहिनी शाळेत निघाली होती. ती गावच्याच शाळेत शिकवायची. मी तिला शाळेच्या अलीकडे, वडाच्या पारापाशी गाठलं आणि पाला उघडून दाखवला. समजवायला काहीच लागलं नाही. नवऱ्याच्या गांडुळांवर तिचा राग होता, फ्रीजमधली वरची फळी त्यांनी अडवलेली असायची, त्यामुळे ती तिला माझ्याइतकीच ओळखू येत होती. तिनं हात लावला नाही.

"रंग नवा आहे," मी म्हणालो. "दिवाळीनंतर आलेला."

"म्हणजे?"

"म्हणजे दादा आहे, वहिनी. इथेच कुठेतरी आहे. उघाडीवर येतोय."

मला वाटलं होतं ती रडेल, हसेल, माझा हात धरेल. ती पाराच्या कठड्याला टेकली आणि तिचा चेहरा असा झाला, की मला सांगितल्याचा पस्तावा झाला.

"मग घरी का येत नाही?" ती म्हणाली.

मी पाला पुन्हा मिटला.

"त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं होतं," ती म्हणाली. "तुला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. माझ्या माहेरी बारसं होतं आणि तो म्हणाला ओहोटी चुकेल. मी म्हटलं, मग जा ना, तिकडेच राहा कायमचा, आम्हाला तोंड दाखवू नकोस. असं मी शंभरदा म्हटलं असेल, कौस्तुभ. तो हसायचा. त्या दिवशी नाही हसला."

"वहिनी, एवढ्यासाठी कुणी घर सोडतं का?"

"तेच मी रोज रात्री स्वतःला सांगते." तिनं पदरानं तोंड पुसलं. समोरून शाळेतली मुलं जात होती, तिला "नमस्ते बाई" म्हणत होती आणि ती मान हलवत होती. "मेला असेल तर मी विधवा. जिवंत असेल तर टाकलेली. यातलं काय होऊ दे म्हणून देवाला सांगू, ते तरी मला कळू दे."

घरात त्याच सुमाराला विधीचा विषय निघालेला होता. देह सापडला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. गुरुजींनी येती अमावास्या सुचवली होती. नातेवाईक आडून आडून म्हणत होते, की एकदा ते होऊन जाऊ दे, मुग्धा मोकळी होईल, तरुण आहे. वहिनीनं साफ नकार दिला होता. पानं जाळून माझा नवरा मेला असं मी म्हणणार नाही, म्हणाली होती. गळ्यातलं मंगळसूत्र तसंच होतं, कपाळावरची टिकली तशीच होती, आणि बायका तिच्याकडे बघून नजर वळवायच्या. आई या सगळ्यात हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती.

"मला बघायचंय," वहिनी म्हणाली. "उद्या ओहोटी कधी लागते?"

"पहाटेची. उजाडायच्या सुमाराला पाणी जोरात असेल."

"मग उद्याच. तो मला बघून पळाला तरी चालेल. मला एकदा त्याचं तोंड बघायचंय."

त्या रात्री आम्ही तिघं जेवायला बसलो. आईनं वालाचं बिरडं केलं होतं. दादा गेल्यापासून घरात मासा शिजला नव्हता. आमच्यासारख्या घरात, जिथे सोमवार कधी सरतो याची वाट बघायची, तिथे स्वयंपाकघराला नुसता उदबत्तीचा वास यायचा. आधी आई म्हणाली, त्या खाडीचं नको. मग म्हणाली, कुठलंच नको. तिनं मला बिरडं वाढलं, वहिनीला वाढलं आणि नेहमीसारखी मागच्या दाराची कडी न लावता ते नुसतं लोटून घेतलं. दादा कधीही यायचा, म्हणून ती सवय. बाहेर कुत्रं भुंकलं तशी वहिनीनं झटकन दाराकडे पाहिलं, मीही पाहिलं. आईनं पाहिलं नाही. ती ताकाला मीठ लावत होती.

पहाटे मी आणि वहिनी आवाज न करता बाहेर पडलो. आई आधीच देवळात गेली होती. कार्तिकातली काकड आरती संपली तरी तिनं पहाटे रामाच्या देवळात जाणं सोडलं नव्हतं, आणि त्या दिवशी तर आम्हाला ते सोयीचंच होतं.

बांधावर धुकं इतकं दाट होतं, की खाडी नुसती ऐकू येत होती. उघाडीतून पाणी पडायचा आवाज लांबून यायला लागला. वहिनी पुढे, मी मागे. ती इतकी भरभर चालत होती, की मला दोनदा तिला हळू चाल म्हणून सांगावं लागलं. माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगायचं तर मला दादाला कडकडून भेटायचं होतं आणि त्याच्या मुस्कटात मारायची होती, आणि यातलं आधी काय होईल हे माझं मलाच सांगता येत नव्हतं.

मग ती थांबली. तिनं माझं मनगट पकडलं.

उघाडीच्या वर, बांधाच्या अगदी कडेला कुणीतरी उभं होतं. अंगात दादाचा निळा विंडचीटर. दादाचाच, पाठीवर पांढरा पट्टा असलेला. डोक्यावर टोपी ओढलेली. पाठ आमच्याकडे. थोड्या थोड्या वेळानं उजवा हात वर जात होता आणि पाण्याकडे झेपावत होता. हातात काठी दिसत नव्हती. धुक्यामुळे दिसत नसेल, असं मी धरून चाललो.

इतके दिवस पनवेल, पेण, कर्जत, जिथे कुणी सांगेल तिथे जाऊन शोधलेला माणूस आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर उभा आहे आणि मला त्याची भीती वाटत होती. खरंच भीती वाटत होती. तो वळला आणि तो नसलाच, तर? आणि असला, तर?

"पराग!" वहिनीनं हाक मारली.

आकृती हलली नाही. पाण्याच्या आवाजात ऐकू गेलं नसावं.

"पराग!"

ती धावली. चपला चिखलात रुतल्या तशा त्या सोडून अनवाणी धावली. मी तिच्यामागे धावलो. आकृती वळली, टोपीखालून पांढरे केस दिसले, विंडचीटरच्या खाली नऊवारीचा काठ दिसला.

"अगं हळू," आई म्हणाली. "इथे शेवाळ आहे. पाय घसरेल."

वहिनी जिथल्या तिथे उभी राहिली. तिचा श्वास असा चालला होता, की मला वाटलं ती पडेल. मी तिला मागून धरलं.

"आई, तुम्ही?" ती म्हणाली. "तुम्ही इथे काय करताय?"

आईच्या हातात श्रीखंडाचा जुना डबा होता. डब्यात तेलात न्हालेली करवंदी गांडुळं होती आणि बडीशेपेचा वास त्या खाऱ्या हवेतसुद्धा येत होता.

"दुकानातून मीच आणली," आई माझ्याकडे बघून म्हणाली, जणू मी तेच विचारलं होतं. "त्या दिवशी जेवणाचा डबा द्यायला आले होते ना, तेव्हा. तू गिऱ्हाइकाशी बोलत होतास."

"आणि कापली कुणी?" मी विचारलं. खरं तर मला ओरडून विचारायचं होतं.

"कुणी म्हणजे? मीच."

"दादासारखी?"

"दादासारखी कसली? आजवर त्याची कोण कापत होतं?" आईला माझ्या अडाणीपणाचं नवल वाटलेलं दिसलं. "त्याला कुठे जमतंय. बारीक कामाला त्याचा हात थरथरायचा, लहानपणापासून. दुपारी तुम्ही सगळे बाहेर असलात की पाकिटं माझ्याकडे आणून टाकायचा. भरल्या वांग्याला देतो ना चीर, तशी द्यायची. टोकाकडून आत जायचं आणि वेळेवर थांबायचं. बाहेर बोलू नको म्हणायचा. लोक हसतील म्हणे, आई गांडुळं कापते म्हणून."

सगळी खाडी जी चीर त्याची म्हणून ओळखत होती, ती आमच्या स्वयंपाकघरात, भाजीच्या सुरीनं पाडलेली होती. आणि मी ती पाहून माझा भाऊ जिवंत केला होता, वहिनीचा नवरा जिवंत केला होता, एक अख्खा दिवस आणि एक रात्र.

"पण का?" वहिनी म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "आई, ही अशी पाण्यात का टाकताय?"

डब्यातलं एक गांडूळ उचलून आईनं तेल निथळू दिलं, हात मागे घेतला आणि ते दाराच्या वरच्या अंगाला, ओढीत टाकलं. पाण्यानं ते खाली ओढून नेलं. खाली काहीतरी खळबळलं.

"तुम्ही सगळे त्याला वर शोधत होतात," ती म्हणाली. "स्टँडवर, गाड्यांमध्ये. मी नाही म्हटलं नाही. तुमच्या जिवाला तेवढंच बरं वाटत होतं. पण तो कुठे जाईल? आईला न सांगता तो कधी अलिबागला गेला नाही. तो इथे आहे. या दाराच्या खाली, गाळात. हिराजीला सापडला नाही म्हणून काय झालं."

"आई, नका ना," वहिनी म्हणाली.

"जन्म गेला माझा जिताड्याची पोटं फाडण्यात, मुग्धा. आत काय काय निघतं, ते तुला नाही माहीत." तिनं डबा छातीशी धरला. "आधी मी भात आणायचे. मग लक्षात आलं, भातानं चिंबोऱ्या येतात. चिंबोरी वाईट, ती गाळ उकरत जाते. बडीशेपेला ती फिरकत नाही. आणि परागच म्हणायचा, जिताडा यावर सगळं सोडून येतो. शिवाय हे पोटात जिरत नाही. भात काय, संध्याकाळपर्यंत संपला, की पुन्हा भूक. हे एकदा गिळलं की गिळलं, पोट भरलेलंच राहतं. भरल्या पोटी कोण कशाला तोंड लावायला जाईल?"

मग ती मान खाली घालून म्हणाली, "त्याला कुणी तोंड लावू नये रे. एवढंच."

वहिनी खाली बसली. दादा गेल्यापासून ती लोकांसमोर रडली नव्हती, आमच्यासमोरही नाही. आता तिनं दोन्ही हातांनी बांधाची ओली माती धरली आणि तोंड उघडून, लहान मूल रडतं तशी रडली. मला तिच्याजवळ जायचं होतं, पण मलाच आधाराची गरज होती. मी उघाडीच्या खांबाला धरून उभा राहिलो. खालचं पाणी बघवेना. आई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली आणि तिच्या हाताचं तेल वहिनीच्या केसांना लागत होतं.

बऱ्याच वेळानं आईनं वर पाहिलं.

"पण तुम्हाला कसं कळलं, मी इथे येते ते?"

मला सांगायचं नव्हतं. पण खोटं सुचलं नाही.

"हिराजीकाकांना जिताडा मिळाला काल. त्याच्या पोटात ही निघाली."

आई एकदम उभी राहिली. माझ्या इतकी जवळ आली, की तिचा श्वास मला लागला.

"इथला?"

"इथलाच. उघाडीच्या तोंडाचा."

"केवढा होता?"

"हातभर."

"पोट भरलेलं होतं?"

"हो. टरटरलेलं होतं."

"आणखी काय निघालं?"

"काही नाही, आई."

"खरं सांग मला."

"खरंच सांगतो. नुसती हीच होती."

"नीट बघितलंस तू? आतून सगळं बघितलंस? हिराजीनं बघितलं?"

"काकांनी हात घालून सगळं पोट रिकामं केलं. मी समोर होतो. दुसरं काही नव्हतं."

आईनं डोळे मिटले. तिचे खांदे खाली आले. कितीतरी दिवसांनी मी तिला असं पाहत होतो, दुखणाईत माणसाचा ताप उतरल्यावर दिसतो तसा तिचा चेहरा झाला होता. "बरं झालं बाई," ती स्वतःशीच म्हणाली. "बरं झालं."

धुकं विरळ व्हायला लागलं होतं. पलीकडच्या काठावरची तिवरं दिसायला लागली. वहिनी उठली. तोंड, हात, साडी, सगळं चिखलानं माखलेलं. तिनं नाक पुसलं आणि आईसमोर ओंजळ धरली.

"मला द्या, आई."

आईनं तिच्याकडे नीट पाहिलं, मग डबा तिरका करून तिच्या ओंजळीत गांडुळं ओतली.

"कौस्तुभ," वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाली, "गुरुजींना अमावास्येला या म्हणून सांग."

"सांगतो."

ती कडेला गेली. तिनं ओंजळीतलं एक गांडूळ उचललं, कपाळापाशी नेलं आणि पाण्यात टाकलं. ते दाराजवळच पडलं.

"जरा लांब टाक," आई म्हणाली. "तिकडचे अजून उपाशी असतील."